न बिघडलेल्या सायकली

“मला झालाय,” मुसोंडा म्हणाला आणि चटईवर कूस बदलून खोकला. “लपवून काय करू? नाही सांगितलं म्हणून रक्तातून निघून जाणार आहे का तो?”

काम्पोलोच्या दवाखान्यासमोर दर गुरुवारी हा खेळ व्हायचा. बाळांची वजनं करायला आलेल्या बाया, गोळ्या न्यायला आलेली माणसं आणि नुसतेच रिकामटेकडे असे पन्नास-साठ जण सावली धरून बसायचे. मुसोंडा सायकली दुरुस्त करणारा माणूस, पण गुरुवारी तो बा कापासा व्हायचा. बा कापासा म्हणजे एचआयव्हीची तपासणी टाळत टाळत अंथरुणाला खिळलेला आणि मग गोळ्या घेऊन उठून बसणारा गृहस्थ. नऊ वर्षं हे सोंग वठवून त्याचा खोकला इतका अस्सल झाला होता की पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकायची.

“बायकोची तपासणी चांगली आली म्हणून मी निर्धास्त राहिलो,” चटईवरून तो पुढचं बोलला. “पण बाबांनो, बायकोचा कागद नवऱ्याच्या खिशात चालत नाही!”

इथे हशा यायचा. आजही आला. हसणाऱ्यांकडे बघायला मुसोंडाने डोकं उचललं आणि गर्दीच्या मागे त्याला दोन परके पुरुष दिसले. एकाने एवढ्या उन्हात काळा कोट घातला होता. दुसऱ्याच्या सायकलच्या मागे पांढऱ्या फडक्यात काहीतरी गोल बांधलेलं होतं. एकावर एक पालथ्या घातलेल्या दोन थाळ्या अशाच दिसतात. आणि अशा थाळ्या घेऊन माणूस परक्या गावात एकाच कामासाठी येतो.

मुसोंडाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या मुलीला, चोम्बाला, मागणी घालणारी माणसं शनिवारी यायची होती. हा तर गुरुवार. खेळ सोडून उठावं तर पंचाईत, पडून राहावं तर त्याहून मोठी. शेवटी त्याने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि उरलेलं सगळं आतूनच बोलला. लोकांना वाटलं, आज बा कापासाने कमाल केली.

घोंगडीचा काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी पाहुणे पत्ता विचारत अंगणात आले. मुसोंडा हात धुऊन स्वागताला पुढे झाला, तेव्हा काळ्या कोटातला माणूस जागच्या जागी थांबला. तो नवऱ्या मुलाचा मामा होता. आणि या लोकांत मामाचा शब्द बापाच्या शब्दाच्या वरचा.

“तुम्हीच का मुलीचे वडील?” मामाने विचारलं.

“मीच. या, बसा.”

दोघं बसले. थाळ्या मध्ये ठेवल्या गेल्या. मुसोंडाच्या बायकोने, बाना चोम्बाने म्हणजे चोम्बाच्या आईने, मक्याचं आंबवलेलं पेय भरून एकच मोठा कप आणला. रीतीप्रमाणे मुसोंडाने आधी घोट घेतला आणि कप मामापुढे केला. मामाने तो घेतला, बराच वेळ हातात धरला आणि न पिता खाली ठेवला.

“वाटेत पाणी झालंय,” तो म्हणाला.

बरोबरचा मध्यस्थ खाकरला. तो बिचारा जुना, सगळं गोड शब्दांत गुंडाळणारा माणूस. “थाळ्या आम्ही ठेवून जातो,” तो म्हणाला. “मुलगी चांगली आहे, कामसू आहे, आमच्या मुकुकाच्या मनात भरलीये. पण पुढच्या रविवारी आम्ही परत येऊ. तोवर दवाखान्यातून एक कागद आणून ठेवा.”

“चोम्बाचा?”

“तुमचा,” मामा म्हणाला. “कागद चांगला असला तर थाळ्या तुमच्या. नाहीतर आम्ही घेऊन जाऊ. आमच्या घरात लहान मुलं आहेत.”

पाहुणे वळणावरून दिसेनासे होईपर्यंत बाना चोम्बाने कशीबशी कळ काढली.

“सांगितलं का नाही तुम्ही? सोंग आहे म्हणून! अख्ख्या गावाला माहितीये!”

“गावाला माहीत नाही.”

“गावाला नाही, बरं. त्या काळ्या कोटाला तरी सांगायचं! तुमची जीभ काय नर्सबाईंकडे गहाण टाकलीये?”

तसं म्हटलं तर टाकलीच होती. नऊ वर्षांपूर्वी खेळासाठी मंडळी जमवताना नर्सबाईंनी एक नियम घातला होता. खेळ संपल्यावर कुणी म्हणायचं नाही की हे खोटं होतं, आणि कुणी म्हणायचं नाही की खरं होतं. लोकांना काय वाटायचं ते वाटू द्या, कुणाला तरी बा कापासाशी बोलावंसं वाटेल. आणि वाटलं. आठच दिवसांत एक कोळी चांगली धडधाकट सायकल घेऊन मुसोंडाच्या अंगणात आला आणि म्हणाला, चेन सैल झालीये. चेन अंगठ्याने दाबली तर हलत नव्हती. मुसोंडाने तरी सायकल उलटी केली. कोळी बाजूच्या बाकड्यावर बसला आणि खाली बघत विचारता झाला की सुई खोल जाते का, आणि बायकोला कळवतात का.

तेव्हापासून न बिघडलेल्या सायकली येतच राहिल्या. न फुटलेल्या ट्यूब आल्या, न वाकलेली चाकं आली. मुसोंडा सगळ्यांना हो हो, बिघडलीये खरी, म्हणायचा आणि हात चालू ठेवायचा, कारण समोरच्याचे हात चालू असले की माणूस मोकळं बोलतो. किती जण इथून उठून दवाखान्यात गेले ते त्याने कधी मोजलं नाही. न झालेल्या दुरुस्तीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

याची किंमत वेगळ्या वाटेने जात होती. मयताच्या जेवणात सगळे एका थाळीतून नशिमाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे, गोळे मोडून खात, तेव्हा मुसोंडाला वेगळी थाळी यायची. आधी त्याला वाटायचं, कलावंताचा मान ठेवतायत. दोन-तीन मयतं झाल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. चर्चचे वडीलधारे बा कातोंगो तर त्याने टेकलेल्या भिंतीला टेकायचे नाहीत. मुसोंडाने सगळं हसण्यावारी नेलं. आता पोरीच्या लग्नावर आलं तेव्हा हसू येईना.

“उद्याच जाते मी गावच्या मुखियाकडे,” बाना चोम्बा म्हणाली. “आणि तुम्ही जा दवाखान्यात. तुमचा जुना कागद असेलच की त्यांच्याकडे. तो घ्या आणि त्या मामाच्या नाकावर चिकटवा.”

“मुखियाकडे जाऊ नकोस. कागद आणतो मी,” मुसोंडा म्हणाला आणि उठून सायकलींच्या पडवीत गेला.

जुना कागद नव्हता. ही गोष्ट जगात फक्त त्याला ठाऊक होती. नऊ वर्षं ज्याने गावाला सुईकडे ढकललं, त्याच्या स्वतःच्या बोटाला सुई लागलेली नव्हती. नर्सबाई धरून चालल्या होत्या की त्याने कधीच करून घेतलं असणार, आणि त्याने त्यांना तसं धरू दिलं. बारा वर्षांपूर्वी तो मासेमारीच्या हंगामात सरोवरातल्या बेटावर सात महिने राहिला होता. तिथे गवताच्या झोपड्या होत्या, मासे विकत घ्यायला येणाऱ्या बाया होत्या. त्यातल्या एकीचं नाव अजून त्याच्या लक्षात होतं. चार वर्षांपूर्वी बाना चोम्बाची तपासणी चांगली आली, तेव्हा त्याने मनाशी म्हटलं, चला, म्हणजे माझंही चांगलंच असणार. चटईवर पडून ज्या मूर्खपणावर तो लोकांना हसवायचा, तो त्याचा स्वतःचाच होता.

चार दिवस त्याने आज-उद्या करण्यात घालवले. रात्री अंगाला हात लावून ताप आहे का ते बघायचा. मानेत गाठ लागली असं वाटलं, ती शोधायला गेलं की सापडायची नाही. मंगळवारी पहाटे उजाडताना त्याने सायकल काढली, तर चोम्बा अंगण झाडत होती. तिने आतून उकडलेल्या रताळ्यांचं फडकं आणून त्याच्या सायकलच्या दांडीला बांधलं.

“काम्पोलोचा दवाखाना या बाजूला आहे, ताता,” ती म्हणाली. त्याने सायकल उलट्या दिशेला लावली होती.

“मुसाइलाला जातोय. तिथे गर्दी कमी असते.”

चोम्बाने झाडू हातात धरूनच त्याच्याकडे पाहिलं. तिची नजर आईसारखी नव्हती, आजीसारखी होती. तिच्यापुढे खोटं टिकायचं नाही.

“तुम्ही कधी केलीच नाहीये ना?”

मुसोंडाने होकारार्थी मान हलवली. त्याला वाटलं ती ओरडेल. तिने नुसती दांडीवरची गाठ पुन्हा आवळली.

“भीती वाटते?”

“खूप वाटते गं.”

“मग हळूहळू जा. पण जा.”

मुसाइलाचा रस्ता वाळूचा होता. तीन तास तो कधी सायकलवर होता, कधी सायकल त्याच्या हातात. रस्त्याकडेच्या खडकांवर कसाव्याच्या कंदांचे तुकडे पांढरे वाळत घातले होते आणि त्यांचा आंबूस वास वाटभर येत होता. इथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही, एवढाच त्याला धीर होता. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरला तोच बाकड्यावरची एक म्हातारी टुणकन उठली.

“अगं बाई, बा कापासा! शाळेच्या मैदानात खेळ केला होता ना तुम्ही? मेला नाहीत अजून?”

“नाही, आजी. चाललंय.”

“बघा गं, बघा! मी म्हणत नव्हते? गोळ्या खाल्ल्या की माणूस सायकल मारतो!”

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. आतून तपासणीची मुलगी बाहेर आली. ती तर खूशच झाली. “बरं झालं आलात! आज मंडळी फार घाबरलीयेत. दोन शब्द बोला ना त्यांच्याशी.”

आता काय करता? मुसोंडाने सायकल भिंतीला लावली आणि त्या अनोळखी गावात घाबरू नका म्हणून भाषण केलं. म्हणाला, एका थाळीत जेवल्याने होत नाही, हात हातात घेतल्याने होत नाही. लवकर कळलं तर गोळी घेऊन माणूस म्हातारा होतो. कळलंच नाही तर मात्र काही खरं नाही. त्याचा आवाज कापत होता. लोकांना तो अभिनयच वाटला. बोलणं संपवून तो मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन बसला, तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच उतरलं.

त्याची पाळी आली तेव्हा तिने दार लावून घेतलं. “कधी केली होती शेवटची?”

“पहिलीच आहे,” मुसोंडा म्हणाला.

ती काही बोलली नाही. त्याबद्दल तो तिचा जन्मभर ऋणी राहिला. तिने बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. सुई अजिबात खोल गेली नाही. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे, हे मुसोंडा झोपेतही सांगू शकला असता. पण पट्टीकडे बघवेना म्हणून तो भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला. पोरीचं लग्न मोडेल. बायकोला बेटावरचं सगळं सांगावं लागेल. आणि गुरुवारी त्या चटईवर पुन्हा कसं पडायचं?

“बा कापासा,” मुलगी म्हणाली. “बघा. एकच आहे.”

त्याने पाहिलं. एकच होती. तो तिथेच, स्टुलावर, दोन्ही हातांत तोंड धरून रडला. मुलीने त्याला रडू दिलं आणि कागदावर शिक्का मारला.

परतीचा रस्ता कसा सरला ते त्याला कळलं नाही. कागद शर्टाच्या खिशात होता आणि दर मैलाला तो खिसा चाचपून बघत होता. वाटेत त्याने रताळी खाल्ली आणि चक्क शीळ घातली. रविवारी मामापुढे कागद कसा उघडायचा, किती वेळ त्याला वाट बघायला लावायची, सगळं त्याने ठरवून टाकलं. घरी बाना चोम्बाने कागद बघितला आणि म्हणाली, “नवीन काढलात? बरं केलंत. जुना चुरगळला असेल.” लगेच ती रविवारसाठी नवं लुगडं काढायला आत पळाली. चोम्बाने बापाच्या हातावर नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीपुढे बा कातोंगो उभे होते. हेच ते भिंतीला न टेकणारे. रविवारी मुलीच्या बाजूने बोलायला चर्चचा वडीलधारा म्हणून त्यांनाच बसायचं होतं. ते त्याबद्दलच आले असतील असं मुसोंडाला वाटलं. पण बा कातोंगोंनी आपली हिरवी सायकल पुढे ढकलली.

“ब्रेक लागत नाहीत,” ते म्हणाले.

मुसोंडाने ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी घट्ट बसलं. त्याने मान वर करून बा कातोंगोंकडे पाहिलं.

“हो, बिघडलेत खरे,” तो म्हणाला. “बसा.”

बा कातोंगो बसले, आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसले. टोपी काढून गुडघ्यावर फिरवू लागले.

“सोमवारी केली मी तपासणी. दोन रेघा आल्या.”

मुसोंडा पान्याने उगाच बोल्ट फिरवत राहिला.

“तुम्हाला मी काय काय बोललो, मुसोंडा. चर्चमध्ये उभं राहून बोललो. काल दोरी घेऊन झाडाकडे निघालो होतो, खरं सांगतो. वाटेत तुम्ही दिसलात, सायकलवर, शीळ घालत होतात. मी म्हटलं, हा माणूस नऊ वर्षं जगलाय. शीळ घालतोय. कसं जमतं हो?”

खिशातला कागद मुसोंडाला छातीवर टोचायला लागला. खरं सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण झाडाकडे निघालेल्या माणसाला काय सांगायचं? की ती शीळ तर मी सुटलो म्हणून घालत होतो?

“रोज एक गोळी,” तो म्हणाला. “ठरल्या वेळेला, चुकवायची नाही. माझं राहू द्या. तुम्ही असं करा, उद्या माझ्याबरोबर चला. बाना मुम्बीला भेटवतो, ती मासे विकणारी. अकरा वर्षं घेतेय. परवा तिने मला पैजेत हरवलं, एवढी ठणठणीत आहे.”

“तीसुद्धा?”

“तीसुद्धा. तिनेच सांगायला सांगितलंय, जो घाबरेल त्याला.”

गुरुवारी तो त्यांना घेऊन गेला. बाना मुम्बीने बा कातोंगोंना आधी मनसोक्त शिव्या दिल्या, मग चहा दिला, मग स्वतः दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला आली.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. मामाचा कोट तोच होता. एका बाजूला ते दोघं, दुसऱ्या बाजूला मुसोंडा आणि बा कातोंगो, मध्ये फडक्यातल्या थाळ्या. बाना चोम्बा नवं लुगडं नेसून, चोम्बाला शेजारी घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात ऐकत होती.

“कागद?” मामा म्हणाला.

मुसोंडाचा हात खिशाकडे गेला.

“राग मानू नका,” मामा बोलतच होता. “पण अशा लोकांशी आम्ही सोयरीक करत नाही. अशी माणसं देवाने खूण करून ठेवलेली असतात. एकाच्या थाळीला दुसऱ्याची थाळी लागली की संपलं.”

शेजारी बा कातोंगोंच्या हातातली टोपी थरथरायला लागली. कुणाचं लक्ष नव्हतं, पण मुसोंडाला ती दिसली. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. आत्ता या माणसासमोर हा कागद उघडायचा आणि म्हणायचं की मी त्यांच्यातला नाही. मी स्वच्छ आहे, मला थाळीत घ्या. मुसोंडाने दारात उभ्या असलेल्या चोम्बाकडे पाहिलं. तिने बापाचा खिशावरचा हात पाहिला, बा कातोंगोंची टोपी पाहिली. सायकल न बिघडताही कोण कोण येतं ते या पोरीने लहानपणापासून बघितलं होतं. तिने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली.

हात रिकामाच खाली आला.

“कागद नाही,” मुसोंडा म्हणाला.

“नाही, की दाखवायचा नाही?”

“दाखवायचा नाही. लग्न तुमच्या भाच्याचं आणि माझ्या मुलीचं. त्या दोघांनी बरोबर जाऊन तपासून घ्यावं, हे मीच सांगतो. दोघांना सायकलवर सोडून येतो. पण माझ्या रक्ताचं तुम्हाला काय लोणचं घालायचंय?”

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. मध्यस्थाने काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, पण मामाने हात वर केला. मग बा कातोंगो बोलले. आवाज चर्चमधला होता, फक्त थोडा चिरलेला.

“मुलीच्या बाजूला आणखी काही दाखवायचं उरलेलं नाही.”

चोम्बा पुढे आली. तिने थाळ्या उचलल्या, फडक्याची गाठ सरळ केली, गुडघे टेकून त्या मामापुढे ठेवल्या आणि रीतीप्रमाणे हलकेच दोनदा टाळी वाजवली. मामाने त्या फडक्याला धरून उचलल्या. पाहुणे गेले.

बाना चोम्बा तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नशिमा वाढायची आणि पाठ फिरवायची. चोम्बा पहाटे कसावा दळायला जायची, डोळे सुजवून परत यायची आणि कुणी विचारलं तर पिठाचं नाव सांगायची. मुसोंडाला ते बघवत नव्हतं. आपण केलं ते बरोबर केलं का, हे तो रात्री आढ्याला विचारायचा. कागद त्याने पान्यांच्या डब्यात तळाशी टाकला होता, तिथे त्याला तेलाचे डाग पडले.

बुधवारी उतरत्या उन्हात एक तरुण नवीकोरी सायकल ढकलत अंगणात आला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. चोम्बा पीठ चाळत होती, तिची चाळणी थांबली. तो मुकुका होता.

“मामाला माहीत नाही,” तो आधी म्हणाला. मग मुसोंडाकडे न बघता सायकलकडे बघत म्हणाला, “चेन सैल झालीये.”

मुसोंडाने वाकून चेन अंगठ्याने दाबली. दुकानातून आली तशी होती, ताठ आणि तेल घातलेली.

“हो, झालीये खरी,” तो म्हणाला. “बस.”

मुकुका बाकड्यावर बसला. बाना चोम्बा तीन दिवसांत पहिल्यांदा पडवीत आली, पेयाचा मोठा कप नवऱ्याच्या हातात देऊन दारातच उभी राहिली. मुसोंडाने घोट घेतला आणि कप सवयीने आपल्या पलीकडे, भिंतीजवळ ठेवला. मुकुकाने हात लांब केला, कप उचलला आणि त्याच बाजूने प्यायला. बराच वेळ पीत होता. मग कप गुडघ्यावर धरून बसला.

“दोघांनी बरोबर जायचं म्हणालात ना तुम्ही,” तो म्हणाला. “ती सुई… खोल जाते का?”

मुसोंडाने सायकल उलटी केली. पाना घेतला आणि घट्ट चेनचा बोल्ट आधी चांगला सैल केला, म्हणजे परत आवळायला वेळ लागेल.